गव्हाण आणि पंगत

नाताळच्या कथेचा मूळ पाठ अतिशय अल्पाक्षरी आहे. शिरगणतीसाठी आपल्या पूर्वजांच्या गावी निघालेले एक जोडपे, दिवस भरलेली स्त्री, उतारशाळेत न मिळालेली जागा आणि बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत निजवलेले मूल, एवढाच ऐवज लूकने आपल्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात ठेवला आहे. पुढे शतकानुशतके चित्रकारांनी आणि मूर्तिकारांनी रंगवलेला गोठा त्याच्या शब्दांत नाही, बैल नाही आणि गाढवही नाही. गव्हाणीचा उल्लेख मात्र त्याने थोड्याशा अंतरात तीन वेळा केला आहे. मेंढपाळांना जी खूण सांगितली जाते ती तारकेची किंवा तेजोवलयाची नव्हे. गव्हाणीत निजलेल्या बाळाची आहे. जनावरांच्या वैरणीचे पात्र हीच ओळख पटवण्याची खूण असावी, यातील अर्थगर्भता दोन हजार वर्षांच्या सवयीने पुष्कळशी बोथट झाली आहे. ज्या गावी हे घडले त्या बेथलेहेम या नावाचा हिब्रू भाषेतील अर्थ ‘भाकरीचे घर’ असा होतो, हे ध्यानात घेतले म्हणजे अन्नाच्या गावी, अन्नाच्या पात्रात, जागा न मिळालेल्या आईबापांच्या पोटी झालेला हा जन्म आहे, याची जाणीव पुन्हा तीव्र होते.

या दारिद्र्याला लूकने आणखी एका तपशिलाने दुजोरा दिला आहे, आणि तो सहसा नजरेतून निसटतो. मुलाच्या जन्मानंतर शुद्धीकरणाचे दिवस भरल्यावर आईबाप यरुशलेमच्या मंदिरात जातात आणि पक्ष्यांच्या जोडीचे अर्पण करतात. मोशेच्या नियमशास्त्रात अशा वेळी कोकरू अर्पण करावे असे सांगितले आहे; ज्या स्त्रीची कोकराची ऐपत नसेल तिला होल्यांच्या किंवा पारव्यांच्या जोडीची सवलत आहे. लूक त्यावर काहीही भाष्य करीत नाही. तो अर्पणाचे नाव तेवढे सांगतो आणि या कुटुंबाची आर्थिक स्थिती त्या एका नोंदीत उघडी होते. त्याआधीच, मूल पोटात असताना, मरियेच्या मुखी जे स्तोत्र घातले आहे त्यात सिंहासनावरून खाली येणारे सत्ताधीश आहेत, तृप्त होणारे भुकेले आहेत आणि रिकाम्या हातांनी परतणारे धनवान आहेत. अंगाईच्या जागी असे स्तोत्र येते, हे या कथेचे वेगळेपण होय. ते ऐकल्यावर नाताळ हा केवळ कौटुंबिक जिव्हाळ्याचा सण आहे असे म्हणणे अवघड होते. दीनांची वास्तपुस्त हा या सणाला नंतर जोडलेला शिष्टाचार नसून तो त्याच्या आशयाचाच भाग आहे, हे मूळ पाठातूनच सिद्ध होते.

जन्मोत्सवाची तिथी पुष्कळ उशिरा निश्चित झाली. २५ डिसेंबर या दिवसाची नोंद इ. स. ३५४ च्या रोमन दिनदर्शिकेत आढळते. पूर्वेकडील अंत्युखियात ही तिथी पोहोचून दहा वर्षेही झाली नाहीत, असे योहान क्रिसोस्तोम ३८६ च्या सुमाराच्या आपल्या प्रवचनात सांगतो. याच काळात ख्रिस्ती धर्माला राजाश्रय लाभला होता. मंदिरे उभी राहत होती, वेदीवर सोन्याची पात्रे आणि रेशमी वस्त्रे चढत होती. अशा वेळी क्रिसोस्तोमने आपल्या श्रोत्यांना जो प्रश्न विचारला तो आजही अस्वस्थ करणारा आहे. आत वेदीवर ज्याला रेशमी वस्त्र वाहायचे, तोच बाहेर दाराशी थंडीत उघडा कुडकुडत असेल तर त्या वस्त्राचा उपयोग काय, असा त्या प्रश्नाचा मथितार्थ होता. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात अंतिम न्यायाच्या दिवशी विचारले जाणारे प्रश्न ज्याने वाचले आहेत त्याला हे तर्कशास्त्र नवे वाटणार नाही. तेथे भुकेला, तहानेला, परका, उघडा, आजारी आणि बंदिवान यांच्या रूपाने प्रत्यक्ष ख्रिस्तच दाराशी येऊन गेलेला असतो.

क्रिसोस्तोमच्या थोडे आधी कप्पदुकियातील कैसरिया येथे बाझिलने याच विचाराला संस्थेचे रूप दिले. ३६९ च्या सुमारास तेथे अवर्षणाने भीषण दुष्काळ पडला, तेव्हा धान्याची कोठारे बंद करून भाववाढीची वाट पाहणाऱ्यांना त्याने प्रवचनांतून धारेवर धरले. आपल्या फडताळात पडून राहिलेली भाकरी भुकेल्याची आहे आणि पेटीत घडी घालून ठेवलेला अंगरखा उघड्याचा आहे, अशी त्याची भूमिका होती. या भूमिकेत दान या कल्पनेचा अर्थच पालटतो. जे मुळात दुसऱ्याचे आहे ते त्याला परत करणाऱ्याला दाता म्हणता येत नाही. पुढे बाझिलने शहराबाहेर आजारी, निराश्रित आणि कुष्ठरोगी यांच्यासाठी जी वसाहत उभारली तिला त्याच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. नाझियान्झसच्या ग्रेगरीने त्याच्या निधनानंतरच्या भाषणात या वसाहतीची थोरवी गायिली आहे. आणि बाझिल कुष्ठरोग्यांना प्रेमाने जवळ घेत असे, हेही त्याने आवर्जून सांगितले आहे. इमारतीपेक्षा हा तपशील अधिक बोलका आहे.

गव्हाणीला तिचा मूळ अर्थ परत मिळवून देण्याचे श्रेय असिसीच्या फ्रान्सिसकडे जाते. १२२३ च्या नाताळात इटलीतील ग्रेच्चो या डोंगराळ गावी त्याने खरीखुरी गव्हाण मांडली, तीत गवत पसरले, बैल आणि गाढव आणून उभे केले आणि गावकऱ्यांना मशाली घेऊन रात्री तेथे बोलावले. त्या अर्भकाला कोणकोणत्या गोष्टींची उणीव सोसावी लागली हे डोळ्यांनी दिसावे, एवढाच त्याचा हेतू होता, असे त्याचा पहिला चरित्रकार सेलानोचा थॉमस सांगतो. आज जगभर मांडल्या जाणाऱ्या देखाव्यांच्या मुळाशी ही ‘उणीव दिसण्याची’ इच्छा आहे. याच चरित्रकाराने फ्रान्सिसच्या आणखी एका इच्छेची नोंद केली आहे. नाताळच्या दिवशी श्रीमंतांनी गरिबांना पोटभर जेवू घालावे, बैलांना आणि गाढवांना नेहमीपेक्षा जास्त वैरण मिळावी, आणि सम्राटाशी बोलण्याची संधी मिळाली तर रस्त्यांवर धान्य टाकण्याचा हुकूम त्याच्याकडून मागून घ्यावा, म्हणजे पाखरांनाही, विशेषतः चंडोलांना, त्या दिवशी मुबलक दाणे मिळतील, असे त्याला वाटे. काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिकामी करणाऱ्या एकनाथांची आख्यायिका ज्या मराठी मनात रुजलेली आहे, त्याला फ्रान्सिसची ही इच्छा परकी वाटण्याचे कारण नाही.

परंतु करुणेच्या या परंपरेला प्रारंभापासूनच एक पेच चिकटलेला आहे. देणाऱ्याचा हात वर असतो आणि घेणाऱ्याचा खाली. दान वारंवार दिले जाऊ लागले की वरचा हात वर राहण्यातच दात्याला समाधान वाटू लागते, आणि खालच्या हाताला तो कायमचा खालीच राहावा अशी मूक अपेक्षा जाणवत राहते. इंग्लंडमध्ये नाताळच्या दुसऱ्या दिवशी नोकरचाकरांना आणि वर्षभर सेवा देणाऱ्या कारागिरांना पेटीतून बक्षिसी देण्याची प्रथा रूढ झाली; त्यावरून त्या दिवसाला ‘बॉक्सिंग डे’ हे नाव पडले. जॉन मेसन नील याने १८५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका गीतात बोहेमियाचा राजा वेन्सेस्लास त्याच दिवशी बर्फातून सरपण गोळा करणाऱ्या गरिबाला पाहतो आणि अन्न, मद्य व लाकडे घेऊन स्वतः त्याच्या झोपडीकडे निघतो. त्या गीतातील राजा स्वतः चालत जातो, म्हणून ते हृद्य वाटते. पण तो राजा आहे आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा राजवाड्यातच असणार, हेही खरे. गरिबाला सरपण गोळा करण्यासाठी इतक्या दूर का यावे लागते, हा प्रश्न अशा गीतांत सहसा उपस्थित होत नाही.

तो प्रश्न चार्ल्स डिकन्सने विचारला. ‘अ ख्रिसमस कॅरल’ ही त्याची छोटी कादंबरी १९ डिसेंबर १८४३ रोजी प्रसिद्ध झाली आणि पहिल्या आवृत्तीच्या सहा हजार प्रती नाताळपूर्वीच संपल्या. या यशामुळे तिच्यामागचा संताप विस्मृतीत गेला. त्या वर्षी खाणींत आणि कारखान्यांत राबणाऱ्या मुलांविषयीचा सरकारी अहवाल डिकन्सने वाचला होता आणि गरिबांच्या मुलांची बाजू मांडणारी एक पुस्तिका लिहिण्याचे त्याने योजिले होते. सप्टेंबरात त्याने लंडनमधील फील्ड लेन येथील अनाथ व भटक्या मुलांची शाळा पाहिली. वयाच्या बाराव्या वर्षी, वडील कर्जापायी तुरुंगात असताना, बूटपॉलिशच्या कारखान्यात बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवण्याचे काम त्याने स्वतः केले होते. पुस्तिकेचा बेत मागे पडला आणि तिच्या जागी कथा आली. कथेतील कृपण स्क्रूज दानाची मागणी करायला आलेल्या गृहस्थांना तुरुंग आणि सक्तीची कामे देणारी अनाथालये चालू आहेत ना, असे विचारतो. हा एका चक्रम म्हाताऱ्याचा प्रश्न नव्हता. १८३४ च्या गरीबविषयक कायद्यामागे असलेल्या प्रतिष्ठित अर्थविचाराची ती भाषा होती.

डिकन्सवर भाबडेपणाचा आरोप नेहमी होतो आणि त्यात तथ्य नाही असे नाही. एका रात्रीतले हृदयपरिवर्तन ही समाजव्यवस्थेच्या प्रश्नाची सोडवणूक होऊ शकत नाही. तथापि स्क्रूज जागा झाल्यावर नेमके काय करतो, ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. तो आपले नाव न कळवता कारकुनाच्या घरी टर्की पाठवतो. दानाचे वचन देतो. आणि आजवर ज्याचे आमंत्रण झिडकारले त्या भाच्याच्या घरी जाऊन जेवायला बसतो. दुसऱ्या दिवशी मात्र तो सर्वांत महत्त्वाचे कृत्य करतो. आठवड्याला पंधरा शिलिंगांवर राबणाऱ्या बॉब क्रॅचिटचा तो पगार वाढवतो. टर्की एक दिवस पुरते. पगारवाढ वर्षभर पुरते. नाताळची उदारता जेथे २६ डिसेंबरच्या व्यवहारात उतरते तेथे ती दानाच्या मर्यादा ओलांडून न्यायाच्या प्रांतात शिरते, हे डिकन्सने उपदेश न करता कथेच्या ओघात दाखवले आहे. वर्तमान नाताळच्या भूताच्या झग्याआड दडलेली अज्ञान आणि दैन्य ही दोन कृश मुले या कथेच्या नाट्यरूपांतरांत अनेकदा गाळली जातात. कथेचे मर्म मात्र त्यांच्यापाशीच आहे.

मराठी भाषेत ख्रिस्तजन्माची कथा काव्यरूपाने आली ती सतराव्या शतकाच्या प्रारंभी. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. जुनी पुराणे हातून गेलेल्या नवख्रिस्ती श्रोत्यांना ओवीचा ओळखीचा आधार मिळावा, ही त्यामागची तळमळ होती. त्याच गोव्यात सोळाव्या शतकापासून ‘मिझेरिकॉर्दिया’ हा दयाधर्माचा संघ रुग्ण, विधवा, अनाथ आणि बंदिवान यांच्यासाठी काम करीत होता. आणि त्याच गोव्यात १५६० मध्ये धर्मसमीक्षणसभाही स्थापन झाली. एका हाताने जखम बांधणारी आणि दुसऱ्या हाताने जखम करणारी ही सत्ता एकाच क्रुसाची शपथ घेत होती. या इतिहासाकडे पाठ फिरवून ख्रिस्ती करुणेची महती गाणे अप्रामाणिक ठरेल. तसेच त्या इतिहासामुळे रुग्णशय्येपाशी रात्र जागवणारी माणसे खोटी ठरवणेही अन्यायाचे होईल.

सत्तेच्या पातळीवर जे साधले नाही ते लोकांनी आपल्या अंगणात साधले. गोव्यातील ख्रिस्ती घरांत नाताळच्या सुमारास नेवऱ्या, कुलकुलां, दोदोल, बेबिंका आणि दोस यांची ताटे भरली जातात आणि रुमालाने झाकून शेजारीपाजारी पाठवली जातात. ‘कोन्सुआद’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रथेत हिंदू शेजाऱ्यांचे घर वगळले जात नाही. चवथीला आणि दिवाळीला उलट दिशेने ताटे येतात. येथे कोणाचाही हात वर किंवा खाली नसतो; ताट रिकामे परत करू नये, एवढाच नियम असतो. याच समाजात ‘भिकाऱ्यांचे जेवण’ हीही एक जुनी रीत आहे. लग्नासारख्या मंगलकार्याच्या आधी, घरातील मृतांच्या स्मरणार्थ, गावातील गरिबांना बोलावून जेवू घालतात. त्यांच्या मुखी पडलेला घास पूर्वजांना पोहोचतो अशी त्यामागची श्रद्धा आहे. श्राद्धाच्या पानाचा संस्कार नव्या धर्मात असा रूपांतरित झाला, आणि त्यात ब्राह्मणाच्या जागी भुकेला आला. श्राद्धासाठी शिजवलेले अन्न आधी अस्पृश्य मानल्या गेलेल्या भुकेल्यांना वाढणाऱ्या एकनाथांच्या कथेतही हाच बदल घडतो. दोन्हीकडे कसोटी एकच आहे: पंगतीत कोण बसतो.

अन्नाभोवतीचे हे प्रेम जितके खरे, तितकाच अन्नाभोवतीचा संशयही जुना आहे. विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटवल्याची आख्यायिका वसई परिसरात आजही सांगितली जाते. तिची ऐतिहासिक सत्यता बाजूला ठेवली तरी तिच्यातून दोन्ही बाजूंचे स्वरूप प्रकट होते. पाव हे जाळे म्हणून वापरणारी एक बाजू तीत आहे. आणि त्या विहिरीचे पाणी प्यालेल्या आपल्याच माणसाला घराचे दार बंद करणारी दुसरी बाजूही आहे. भाकरीच्या घरी जन्मलेल्याच्या नावाने भाकरीचाच सापळा व्हावा, यासारखा उपहास नाही. एकोणिसाव्या शतकातील दुष्काळांत मिशनांनी अन्नछत्रे आणि अनाथालये उघडली, तेव्हा ‘पोटासाठी झालेले ख्रिस्ती’ हा टोमणा रूढ झाला. उपाशी माणसाचा विश्वास खरा की खोटा, हे ठरवण्याचा अधिकार पोट भरलेल्यांनी स्वतःकडे घेतला, यातील विसंगती त्या टोमण्यात कोणाला जाणवली नाही.

या सर्व प्रश्नांची धग पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात एकवटलेली दिसते. १८५८ मध्ये जन्मलेल्या रमाबाईंनी भुकेचे वर्णन पुस्तकातून वाचलेले नव्हते. वडील अनंतशास्त्री डोंगरे आणि आई लक्ष्मीबाई यांचे १८७४ च्या सुमारास दुष्काळातील उपासमारीत निधन झाले. वेदशास्त्रसंपन्न कुटुंब तीर्थयात्रा करीत, पाने आणि कंदमुळे खात रानावनांतून फिरले होते. पुढे १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन काढले. १८९३ मध्ये धर्मांतराच्या प्रश्नावरून सदनाच्या सल्लागार मंडळातून रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक बाहेर पडले आणि वृत्तपत्रांतून टीकेचा भडिमार झाला. ती टीका सर्वस्वी निराधार होती असे म्हणता येत नाही, कारण आश्रित मुलीच्या मनावर आश्रयदात्याच्या श्रद्धेचा दाब पडतोच. परंतु १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या, दलालांच्या हाती पडू पाहणाऱ्या शेकडो मुलींना घेऊन आल्या, तेव्हा त्या मुलींना आणायला दुसरे कोणी निघालेले नव्हते, हेही तितकेच सत्य आहे.

पुणे जिल्ह्यातील केडगाव येथील त्यांच्या मुक्तिसदनात छप्पनियाच्या दुष्काळानंतर, म्हणजे १९०० च्या सुमारास, सुमारे दोन हजार स्त्रिया आणि मुले होती. त्यांच्यासाठी केवळ शिधा वाटण्याची व्यवस्था करून रमाबाई थांबल्या असत्या तर ते एक मोठे अन्नछत्र झाले असते. त्यांनी तेथे शेती, विणकाम, तेलाची घाणी, दूधदुभते आणि छापखाना उभा केला. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवण्याची सोय केली. ज्या स्त्रिया कंकाल होऊन आल्या होत्या त्यांच्यापैकी कित्येकींनी पुढे शिशाचे खिळे जुळवून बायबलाची पाने छापली. हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून केलेले ते भाषांतर रमाबाईंचेच होते, आणि अल्पशिक्षित स्त्रीलाही कळेल असे मराठी त्यात असावे हा त्यांचा कटाक्ष होता. १९२२ मध्ये रमाबाई निवर्तल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले. गव्हाणीची, मेंढपाळांची आणि पारव्यांच्या जोडीची कथा, एके काळी धान्याच्या दाण्याला महाग झालेल्या बायकांनी अक्षर अक्षर जुळवून छापली, ही घटना मराठी ग्रंथव्यवहाराच्या इतिहासात अधिक ठळकपणे नोंदवली जायला हवी. घेणारा हात आयुष्यभर घेणाराच राहत नाही, याचा इतका प्रत्यक्ष पुरावा क्वचित मिळतो.

अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या परिसरात हाच प्रश्न वेगळ्या स्वरूपात उभा राहिला. अमेरिकन मराठी मिशनच्या छायेत आलेल्या ख्रिस्ती समाजात महार आणि मांग कुटुंबांची संख्या मोठी होती. १८९५ मध्ये नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले आणि काही वर्षांच्या ताटातुटीनंतर, १९०० मध्ये, लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. कमालीच्या सोवळ्याच्या घरात वाढलेल्या या स्त्रीला धर्माची तत्त्वे पटण्यापेक्षा दुसऱ्याच्या हातचे पाणी गळ्याखाली उतरणे कठीण गेले. आणि ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी हे सारे ज्या निर्मळ विनोदाने सांगितले आहे तो मराठी गद्याचा अनमोल ठेवा होय. गरिबाला शिधा देणे सोवळ्यातही शक्य असते. त्याच्या शेजारी पाट मांडून बसण्यासाठी मात्र स्वतःमधले काहीतरी मोडावे लागते. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक मानीत असत. रंजल्यागांजल्यांना आपले म्हणणाऱ्यालाच साधू म्हणून ओळखावे, ही तुकोबांची खूण आणि गव्हाणीची खूण यांच्यात त्यांना अंतर दिसले नाही. ख्रिस्ती समाजाला मात्र ही खूण सर्वत्र पटली असे झालेले नाही. गोव्यात आणि दक्षिणेत प्रार्थनामंदिरांच्या आतही जातींचे मान, संघ आणि जागा वेगळ्या राहिल्या. काही ठिकाणी स्मशानभूमीतही भिंती उभ्या राहिल्या. उतारशाळेत जागा न मिळालेल्याच्या मंदिरात पुन्हा जागेचाच प्रश्न यावा, हे शल्य ख्रिस्ती लेखकांनीच वेळोवेळी बोलून दाखवले आहे.

ख्रिस्ती नसलेल्या भारतीयांनीही या सणाकडे गांभीर्याने पाहिले. शांतिनिकेतनात रवींद्रनाथांनी १९१० पासून ख्रिस्तोत्सवाची प्रथा सुरू केली. दुसऱ्या गोलमेज परिषदेहून परतताना, १९३१ च्या नाताळात, ‘पिल्स्ना’ या बोटीवर सहप्रवाशांच्या विनंतीवरून गांधीजी ख्रिस्तासंबंधी बोलले. जगात शांतता आणि दुसऱ्याविषयीची तळमळ प्रत्यक्ष अवतरत नाही तोवर हा जन्मोत्सव अपुराच आहे, आणि हा जन्म वर्षातून एकदा साजरा करायचा नसून रोज जगायचा असतो, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. सणाची स्तुती करून मोकळे होण्याचा सोपा मार्ग त्यांनी स्वीकारला नाही.

रोज जगण्याचे एक साधे रूप देशाच्या ईशान्य टोकाला, मिझोरामच्या डोंगरांत पाहायला मिळते. १९१० मध्ये तेथील प्रेस्बिटेरियन चर्चच्या स्त्रियांनी ‘बुहफाय थाम’ म्हणजे मूठभर तांदूळ ही प्रथा सुरू केली. चूल पेटवताना घरच्यांसाठी तांदूळ मोजून झाले की त्यातील एक मूठ वेगळ्या भांड्यात काढायची आणि साठलेले तांदूळ चर्चच्या कामासाठी द्यायचे. ज्या घरात रोख पैसा नाही त्या घरालाही दाता होण्याचा मान या मुठीने दिला. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या मुष्टिफंडावर रयत शिक्षण संस्थेची वसतिगृहे कशी तगली, हे ठाऊक असलेल्या वाचकाला या मुठीचे सामर्थ्य वेगळे समजावून सांगायला नको. मंदिराच्या दानपेटीत दोन क्षुद्र नाणी टाकणाऱ्या विधवेचे दान ख्रिस्ताने सर्वांत मोठे मानले, त्या प्रसंगाचीच ही गावोगावची आवृत्ती आहे. नाताळच्या दिवसांत याच प्रदेशात ‘रुआय’ हे सामुदायिक भोजन होते. सगळी वस्ती एकत्र स्वयंपाक करते आणि एकत्र जेवते. अशा भोजनात गरिबांसाठी निराळी पंगत मांडायची वेळ येत नाही.

महानगरांतील नाताळ आज झगमगाटाचा झाला आहे. दुकानांच्या काचांतून कापसाचे बर्फ पडते, आणि ज्यांचा ख्रिस्ती धर्माशी सुतराम संबंध नाही अशा घरांतही तारका लागतात. त्यात वाईट वाटण्यासारखे फारसे नाही. उजेड कोणाचाही असला तरी रस्त्यावरच्या मुलाला तो थोडा वेळ पाहता येतो. प्रश्न एवढाच आहे की, ते मूल काचेच्या बाहेरच राहते. अनेक धर्मग्रामांत गायनाच्या फेऱ्या काढणारी तरुण मुले जमलेला पैसा रुग्णांसाठी आणि अनाथालयांसाठी देतात, वृद्धाश्रमात जाऊन गाणी म्हणतात, ब्लँकेटे वाटतात. ही कृती लहान असली तरी तुच्छ नाही. मात्र ब्लँकेट घेणाऱ्याचे नाव विचारायला कोणी थांबले की नाही, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

ख्रिस्ती पंचांगाने या बाबतीत एक सूचक व्यवस्था करून ठेवली आहे. नाताळच्या लगेच दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला, संत स्तेफनाचा सण येतो. पहिला हुतात्मा म्हणून स्तेफनाची कीर्ती आहे. परंतु प्रेषितांची कृत्ये या ग्रंथात तो प्रथम भेटतो तो एका अगदी घरगुती तक्रारीच्या निमित्ताने. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी कुरकुर यरुशलेममधील पहिल्या ख्रिस्ती मंडळीत सुरू झाली. देवदूतांचे गाणे ऐकलेल्यांच्या या समाजातही वाढपात पंक्तिभेद झाला होता. तेव्हा ते काम नीट पाहण्यासाठी सात माणसे निवडली गेली आणि त्यांत पहिले नाव स्तेफनाचे होते. कोणत्या विधवेच्या पानात काल काय पडले नाही, याचा हिशोब ठेवणे हे त्याचे पहिले धर्मकार्य. गव्हाणीपुढे एक रात्र गुडघे टेकणे अवघड नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वाढप्याचे काम पत्करणे, परक्या भाषेतील बाईची तक्रार ऐकून घेणे आणि पंगतीच्या शेवटच्या पानापर्यंत अन्न पोहोचते की नाही ते पाहत उभे राहणे, हे मात्र वर्षभर पुरणारे काम आहे.